समासात, पेन्सिलीनं

मे महिन्यात कूलरसमोर बसून
एकोणीस पुस्तकं संपवली.
हेडाऊनं विचारलंच आहे, कशी होती,
तर सांगते.

ती जाड कादंबरी मी दोनशेव्या पानावर सोडली.
नायक बाल्कनीत उभा राहून राहिला,
कॉफी थंडी होऊन राहिली,
आणि कोणाचंच काही अडून राहिलं नव्हतं.

दुसरीतली बाई घर सोडून डोंगरावर जाते,
तिथं स्वतःला सापडते.
सापडो बापडी.
मी मात्र शेवटच्या पानापर्यंत हेच शोधत होते
की मागं सासूचं इन्सुलिन कोण देऊन राहिलं.
बर्फाचं वर्णन छान आहे. लाइट गेली
तेव्हा तेवढं पान पुन्हा वाचलं.

रहस्यकथेत चाळिसाव्या पानावर
कोणीतरी लिहून ठेवलंय: डॉक्टरनं मारलं.
मी खाली लिहिलं: मूर्खा, पुढं वाच.

उमरेडकडच्या एका पोरीची पातळशी कादंबरी आहे.
तिनं आईला एकही विशेषण दिलेलं नाही.
खाणीची पाळी, डबा, बस, पुन्हा पाळी.
दोनदा वाचली.
हेडाऊला म्हटलं, ही समोर ठेव बे,
लोणच्यांच्या पुस्तकामागं काय कोंबून ठेवतो.

आता खऱ्या खुनांचं.
तिथं मी कडक आहे.
एकतीस वर्षं सत्र न्यायालयात टंकलेखन केलं.
खुनी एवढे हुशार नसतात.
बहुतेक जण जेवून निघतात
आणि परत येऊन झोपतात.
पुस्तकात त्यांच्या डोळ्यांवरच तीन-तीन पानं:
थंड, खोल, हिंस्र.
मी पाहिलेत ते डोळे, पाच फुटांवरून.
एकाला रांजणवाडी झाली होती.

गेल्या आठवड्यात ते पुस्तक आलं,
टिमकीतल्या खटल्यावरचं.
नावं बदललीत, पण मी ओळखलं
पंचनाम्यातल्या शिलाई मशीनवरून.
पहिलंच वाक्य: त्या रात्री पाऊस कोसळत होता.
कुठला पाऊस, बावा?
सत्तावीस मे.
शेजारचे गच्चीवर झोपले होते
म्हणून तर दिसलं त्यांना.
पाऊस असता तर खटलाच उभा राहिला नसता.

तीनशे बारा पानं.
त्यात गयाबाई नंदनवार, मयताची बायको, दीड पान.
नाव ठेवलंय सुलक्षणा,
आणि ती शोकमग्न आहे.

रागानं पेन्सिल उचलली,
समासात लिहायला लागले:
ती पिंजऱ्यात उभी राहून सांगत होती
की तो झाडांना रात्री पाणी घालायचा,
दिवसा लोक हसतात म्हणून.
की झाडं म्हणजे तीन डबे, त्यातला एक तुळशीचा.
की त्याची एक चप्पल शिवायला टाकलेली
अजून तिथंच आहे,
एकच चप्पल,
आणावी की नाही कळत नाही

आणि हात थांबला.

हे लेखकाला कुठून मिळणार?
निशाणी तेवीस मीच टाइप केली होती.
साहेब म्हणाले, मुद्द्याचं घ्या,
मी मुद्द्याचं घेतलं:
मयत माझे पती होते. घटना मी पाहिली नाही.
आरोपीशी आमचे वैर होते हे म्हणणे खोटे आहे.
खाली तिचा अंगठा.

संध्याकाळी जिन्यावर तिनं मला गाठलं.
"बाई, सगळं आलं ना त्याच्यात?"
"आलं," मी म्हटलं.
मला पाचची बस धरायची होती.

हेडाऊ पुस्तक उलटून पाहतो.
"हे कोणं लिहिलं बाई?"
"मी."
"दंड पडन."
"पडू दे."
"होतं कसं पण?"

पाऊस खोटा आहे, मी सांगते.
बाकीचं,
बाकीचं सगळं
मी टाइप केल्याप्रमाणे बरोबर आहे.