मानस

शिरदोणच्या खाजनात मानस राखायचे बाबा.
भरतीला लाकडी दार टेकायचं, ओहोटीला उघडायचं.
एकदा चुकलं की खारं पाणी शेतात
आणि तीन वर्षं भात नाही.

आता मी बांबोळीला पंप चालवतो.
सर्जन नव्हे, भूल देणाराही नव्हे,
ज्याचं नाव पेशंटला कधी कळत नाही, तो.

टेबलावर सुकांती वेळीप, गावडोंगरी, वय सव्वीस.
लहानपणी सांधे सुजले, ताप आला, गेला.
जाताना झडप आवळून गेला,
आणि पोटात चोविसावा आठवडा लागल्यावर
हिशेब मागायला परत आला.
आडवं होता येईना. बसल्या बसल्या खोकायची,
गुलाबी फेस.
फुगा घालून पाहिला. झडप तिसऱ्याच्या शिंपल्यासारखी,
उघडेना.

संमतीच्या कागदावर धोके दोघांचे,
सहीला रेघ एकच.
दोघांतलं एकच वाचणार असेल तर?
नवरा काजूच्या चिकाने काळवंडलेली बोटं बघत राहिला.
ती म्हणाली, “दोगांयक.”

एरवी मी रक्त गार करतो. आज नाही.
आज अंगाची ऊब तशीच, प्रवाह नेहमीहून जास्त.
नाळेला मागता येत नाही,
येईल तेवढंच ती घेते.

हिरव्या कापडाखाली हात घालून
डॉक्टर फालेरो पोटावरचे आकडे मोठ्याने वाचत होती.
एकशे चव्वेचाळीस. एकशे चाळीस.
मग आईचं हृदय थांबवलं
आणि उरली माझ्या रोलरची घरघर.
एकशे दहा.
ब्याण्णव.
अठ्ठ्याहत्तर.
सर्जनने मान वर केली नाही. “वाढव.”
मी आधीच वाढवलं होतं.
पाणी हाताला ऐकू येतं, बाबा म्हणायचे.
नळीवर तळवा ठेवला.
फालेरो गप्प.
आकडा?
“शोधतेय.”

हा शब्द अजून झोपेत येतो.

ब्याऐंशी. मग एकशे एक.
टाके चालूच होते.

एकतीस मिनिटांनी तिचं हृदय आपलं आपण लागलं,
नव्या झडपेची टिकटिक घेऊन.
पोटातलं एकशे बत्तीस. आजचं.
सोळा आठवड्यांचं कुणी काढलं नाही,
रक्त पातळ ठेवायच्या औषधांचंही नाही,
तिला हवीत, त्याला सोसतील की नाही कोण जाणे.

दुपारी कँटीनमध्ये पाव नि पातळभाजी घेतली.
समोर तिचा नवरा येऊन बसला, विचारायला धजेना.
माझं बोट टेबलावर ठोकत होतं, भरभर,
मला ते ठाऊकही नव्हतं.
तो बोटाकडे बघत होता.
मग मी थांबवलं नाही.