दोलकाचे वीस फेरे

समितीत आम्ही तिघे.
अध्यक्षांना पथ्य, दुसऱ्या सभासदांना परतीच्या विमानाची घाई,
आणि मी, सांगलीची,
एकतीस वर्षं फिजिक्स शिकवून घरी बसलेली.
कलिन्याच्या या बाजूला सारखी डोक्यावरून विमानं जातात,
काचा थरथरतात.
कुलगुरू तेवढं थांबतात, घोटभर पाणी पितात,
मग पुढची स्लाइड :
शोधनिबंध बाराशे चाळीस. पेटंट सतरा.

"आणि बीएस्सी?" मी विचारलं.
"तेही आहे," ते म्हणाले,
ताटातल्या कोशिंबिरीबद्दल बोलावं तसं.

जेवणानंतर दोघे पेंगले तेव्हा मी तळमजल्यावर गेले.
मोकलांनी प्रयोगशाळा उघडली, पंखा लावला,
पहिल्या वर्षाची जर्नलं पुढ्यात ठेवली.
साधा दोलक. जी काढा.
९.८. ९.८. ९.८१. ९.८.
चाळीस पोरांच्या हातात पृथ्वी अगदी आज्ञाधारक.
खाली लाल खूण, तारीख, सही.
ही खूण माझ्या ओळखीची.
एका चहात साठ जर्नलं उरकायची मी.

कपाटावर सुतळीनं बांधलेला आणखी एक गठ्ठा होता.
"तो नको मॅडम," मोकल म्हणाले,
"त्यात चुका आहेत. वर ठेवायला सांगितलंय."

सुतळी मीच सोडली.
नाझनीन परकार. १०.८६.
खोडलेलं नाही, व्हाइटनर नाही.
समासात बारीक लाल अक्षर :
"गोळा सोडलास तेव्हा तोंडातून काय निघालं?
एक, की शून्य?"
पुढच्या पानावर तिचं उत्तर, जरा फणकाऱ्यानं :
"एक. म्हणजे वीस म्हटलं तेव्हा फेरे एकोणीसच झाले होते.
परत केलं. मधेच विमान आलं, मोजणी गेली.
परत केलं. ९.७४."
त्याखाली पुन्हा लाल :
"अजून थोडं कमी आहे. कुठे सांडलं?"
आणि उरलेलं पान कोरं.

तुस्कानोला बोलावून घेतलं. पीएचडीचा पोरगा, वसईचा,
बाहीला सोल्डरिंगचा डाग.
"पेपर किती?" सवयीनं माझ्या तोंडून गेलंच.
"एक. दुसरा अडकलाय."
मग जरा वेळानं :
"मंगळवार-शुक्रवार दुपार इथे जाते ना.
गाइड म्हणतात, हजेरी घे आणि नीघ,
जर्नलं आपोआप भरतात."
खोटं नव्हतं ते. समोर चाळीस भरलेली होती.

संध्याकाळी अध्यक्षांनी माझा परिच्छेद वाचला.
"छान आहे हो. पण कुठल्या रकान्यात घालू?"
"अध्यापन."
"तिथे टक्केवारी लागते."
मी टक्केवारी काढायला बसले.
एक मुलगी, दोन लाल प्रश्न, एक कोरं पान
भागिले किती?
खाली टॅक्सी हॉर्न देत होती.
श्रेणी दुपारच्या स्लाइडवरच ठरली होती.
सही केली मी. माझं पूर्ण नाव, पदवीसकट.

बाहेर पडले तर व्हरांड्यात भांडण चाललेलं.
नर्सरीवाला भाड्याच्या कुंड्या टेंपोत चढवत होता :
"एकवीस दिल्या होत्या."
मोकल म्हणत होते, वीसच.
"मोजायला सुरुवात कुठून केलीत?"
मी विचारून बसले.
दोघंही गप्प झाले.
नर्सरीवाल्यानं हातातली कुंडी हळूच खाली ठेवली
आणि मोकलांकडे पाहिलं :
या बाई कोण?