सामान्यरूप

ठरलेल्या दुभाष्याला डेंगू झाला
म्हणून नववी ब ला व्याकरण शिकवणारा मी
विद्यापीठाच्या सभागृहात बसलोय,
योग्यकार्ताहून आलेल्या रेत्नोबाईंच्या डाव्या हाताला.
समोर पाण्याची बाटली, देशोदेशीच्या पाट्या,
आणि 'धर्मस्वातंत्र्य' या शब्दातला र्ध
बॅनरवाल्यानं चुकवलेला.

प्लुरॅलिझमला मी सकाळी बहुविधता म्हणालो,
दुपारी अनेकत्व,
जेवणानंतर नुसतंच 'सगळे'.
कुणी हरकत घेतली नाही.
मागची रांग झोपली होती.

मग पडद्यावर आलं त्यांच्या आईचं ओळखपत्र.
धर्माच्या रकान्यात एक आडवी रेघ.
आई डोंगराला मानायची, गेलेल्यांना,
भाताच्या पहिल्या लोंबीला,
आणि सरकारच्या यादीत यातलं काहीच नव्हतं.
त्या रेघेपायी लग्नाची नोंद झाली नाही,
बाईंच्या जन्मदाखल्यावर वडील नाहीत.

"यादीत बसतो तो आगामा," त्या म्हणाल्या,
"बाकीच्यांचा नुसता पर्चाया."
माइक हातात धरून मी तसाच थांबलो.
आगम. प्रत्यय.
आपल्याच माजघरातून गेलेले दोघं,
समुद्र ओलांडून
एक साहेब झाला, एक दाराबाहेर उभा.

संध्याकाळी त्यांना गंगावेशीत नेलं, दूध कट्ट्यावर.
म्हशीची धार थेट पेल्यात, वर फेस.
"बाईंना बिनसाखरेचं चालंल?"
"चालतंय की!" मीच म्हणालो.
त्यांनी वही काढली. हा शब्द काय?
म्हटलं, याला तुम्ही टॉलरन्स म्हणता,
आम्ही दिवसातून वीसदा म्हणतो.
त्या हसल्या. लिहून घेतलं.
ओठांवर फेसाची पांढरी रेघ.

परतताना रिक्षात मला ते बोचायला लागलं.
ज्या आठवड्यात शटरं खाली होती,
मोबाईलवर नुसतंच चक्र फिरत होतं,
आणि फळवाल्या दस्तगीरचा गाडा
रस्त्यावर आडवा पडला होता,
तेव्हाही मी गॅलरीतून आत येऊन
बायकोला म्हणालो होतो,
होईल शांत. चालतंय की.

मुबीना शिकलगार तीन दिवस वर्गात नव्हती.
घर शाळेपासून दोन बोळ.
मी गेलो नाही.
हजेरीत गैरहजराला मी रेघ मारतो,
आडवी.
पट्टी न घेता सरळ येते, इतकी सवय आहे हाताला.

हे मी रेत्नोबाईंना सांगितलं
हॉटेलच्या दारात, मोडक्या इंग्रजीत,
त्या दिवशीचं माझं सगळ्यात वाईट भाषांतर.
त्या काही बोलल्या नाहीत.
वही उघडली, 'चालतंय की'च्या पुढे
एक प्रश्नचिन्ह काढलं,
आणि मला दाखवलं.

सोमवारी विभक्ती शिकवायला घेतली.
प्रत्यय एकटा उभा राहत नाही, म्हटलं,
आणि तो लागायच्या आधी
शब्दाला थोडं वाकावं लागतं.
घोडा, घोड्याला. पाणी, पाण्यात.
यालाच सामान्यरूप म्हणतात.
फळ्यावर लिहिलं: कोल्हापूर. पू दीर्घ.
खाली लिहिलं: कोल्हापुरात. पु ऱ्हस्व.
"म्हणजे सर, आत घ्यायचं तर
गावालापण बारीक व्हावं लागतंय?"
मागच्या बाकावरचा तुषार वडणगेकर.
वर्ग हसला. मीही.

मुबीना हसली नाही. हात वर केला.
"पण सर, माणसाच्या नावाला ते नाही लागत.
मुबीना, मुबीनाला.
नाव तसंच राहतंय."

बरोबर, म्हणालो. बस.
खडू खाली ठेवला.
टेबलावर हजेरीपट उघडाच होता,
तिच्या नावापुढे तीन रेघा,
निळ्या शाईच्या, सरळ,
खोडायची सोय नसलेल्या.
चौथ्या चौकटीत माझंच अक्षर: ह.
तास संपेपर्यंत मी ते पान उलटलं नाही.