लोहचुंबक

रॉइसनं मला सोबत नेलं ते नको म्हणायला.
"तू फक्त मान हलव," म्हणाला, "आडवी.
मला स्वतःला ते जमत नाही."

मार्चमधला शनिवार. ईरी सरोवराच्या काठावर
न धुतलेल्या पोत्यासारखा बर्फ पडून होता.
इथे हिवाळाभर रस्त्यांवर मीठ टाकतात,
माणसं घसरू नयेत म्हणून.
मिठात मासा टिकतो. गाडी टिकत नाही.
म्हणून माझ्या खिशात एक जुना मोजा
आणि मोज्यात लोहचुंबक.
पत्र्यावर फिरवायचं. चिकटलं तर लोखंड,
गळून पडलं तर रंगाखाली नुसतं लांबी भरलेलं भोक.

पहिली गाडी: किल्ली फिरवण्याआधी मालकानं
छातीवर क्रूस काढला. नको.
दुसरीचं इंजिन धुऊन लख्ख.
धुतलेलं इंजिन म्हणजे
रडून झाल्यावर तोंड धुऊन आलेला माणूस,
विचारलं तर म्हणणार, काही नाही, काही नाही.
नको.
तिसरी सकाळीच विकली गेली होती.
तिच्या रिकाम्या जागेकडे, तेलाच्या डागाकडे
रॉइस इतका वेळ बघत राहिला
की मी हातमोजे काढले आणि पुन्हा घातले.

एकसष्ट वर्षांचा बाप्या. छत्तीस वर्षं
रेल्वेची इंजिनं जोडली त्यानं, प्रत्येक घराएवढं,
आणि त्यातलं एकही स्वतः चालवलं नाही.
जाकिटाच्या आतल्या खिशात पाकीट,
पाकिटात साडेचार हजार डॉलर.
दर सिग्नलला तो छातीवर हात ठेवायचा.

चौथी आम्रा डेलिचच्या अंगणात.
निळी मियाटा, वय तिशीच्या पुढे,
एक लाख त्रेसष्ट हजार मैल.
आम्राला सातवा महिना, जुळी.
"सीटा दोन," ती म्हणाली, "आणि मे महिन्यात आम्ही चौघं.
हिशेब तुम्हीच करा."
तिच्या नवऱ्यानं दिवे लावून दाखवले:
उजवा डोळा फटकन उघडला,
डावा जरा विचार करून.
रॉइस हसला. मी मनात म्हटलं, गेला.

मी चिखलात गुडघे टेकले.
पुढचं चाक, दार, दाराखालची पट्टी.
चुंबक चिकटत चिकटत आलं
आणि मागच्या चाकाच्या अलीकडे, चार बोटं जागेत,
टप्.
पुन्हा लावलं. टप्.
आम्राचा नवरा आभाळाकडे बघू लागला.

"रॉइस," मी म्हटलं, आणि मान हलवली. आडवी.

तो तोवर आत जाऊन बसला होता.
किंवा घसरला होता, काय म्हणायचं ते म्हणा.
स्टिअरिंग पोटाशी, टोपी छताला टेकलेली,
हात गिअरच्या मुठीवर, अलगद,
झोपलेल्या मुलाच्या डोक्यावर ठेवावा तसा.
"आण इकडे ते," म्हणाला.
मोजा माझ्या हातातून घेतला
आणि स्वतःच्या डाव्या गुडघ्यावर ठेवला.
त्या गुडघ्यात दोन वर्षांपूर्वी बसवलेला
कसलासा महागडा मिश्रधातू.
टप्.
"बघ," म्हणाला. "मीसुद्धा लांबी भरलेला."

यावर काय बोलणार?
मी चार हजारांवर घासाघीस सुरू केली,
एकेचाळीसशेंवर तुटलं.
उरलेले चारशे वेल्डिंगला, मी सांगितलं;
तो हो म्हणाला, ज्या अर्थी ऐकलं नाही त्या अर्थी.
आम्रानं किल्ली दिली,
मग परत मागितली, तिचं तिचं
एक लाल लोकरीचं बोंड कडीतून सोडवून घेतलं,
आणि पुन्हा दिली.

बाहेर दोन अंश. त्यानं छत उघडलं.
मी माझ्या व्हॅनमधून मागे मागे,
हीटर पूर्ण लावून,
त्याचे पांढरे केस वाऱ्यात उभे राहिलेले बघत.
ब्रेकचा एकच दिवा लागत होता.
पुढच्या सिग्नलला उतरून सांगावं म्हटलं,
पण प्रत्येक सिग्नल हिरवाच मिळत गेला त्याला,
घरापर्यंत.

तिथे मात्र गाडीतून उठता येईना.
मी दोन्ही हात धरून ओढलं.
माझा मोजा अजून त्याच्याकडेच आहे.