धोक्याची पाटी

याचं नाव फ्यूज.
पिल्लू होता तेव्हा खेळता खेळता उडायचा,
चप्पल तोंडात तशीच, आणि झोप.
एकतीस वर्षं विजेच्या खांबांवर काढलेल्या माणसाला
दुसरं नाव कुठून सुचणार.

प्रणोतीनं नागपूरहून कुंडी आणली,
आर्वीपर्यंत एस्टीत मांडीवर धरून.
रुंद पानं, त्यांवर चुन्याचे शिंतोडे,
भिंत पोतता पोतता कुणी कुंचा झटकावा तसे.
"बाबा, सावलीत ठेवा हिला."
सावली आमच्या घरी एकच,
रांजणामागची, ओलसर.
ती फ्यूजची होती.
त्याला कुणी विचारलं नाही.

चैत्रातली दुपार, लाइन गेलेली.
अंगणात तो पंज्यांनी जबडा खरवडत होता,
लाळेची दोरी जमिनीपर्यंत,
पाण्याकडे नुसता पाहायचा.
"पान लागलं असन जी," रुखमा म्हणाली.
आमच्याकडे सापाचं नाव घेत नाहीत, पान म्हणतात.
आणि खरंच, पानच होतं.
कुंडीत एकाला दातांची अर्धी कमान.

ढेंगळे साहेबांनी तोंड धुऊन घेतलं, सुई दिली.
म्हणाले, या पानात बारीक काटे असतात, दिसत नाहीत.
सुजेल, उतरेल.
कण्हेर चावला असता
तर त्याला घरी नेता आलं नसतं तुम्हाला.

कण्हेर आमच्या दारातच आहे.
गुलाबी. रुखमा रोज पाच फुलं महादेवाला वाहते.

किती रोहित्रांवर मी पाट्या ठोकल्या:
लाल कवटी, दोन हाडं, अकरा हजार.
शाळेचं तोंड न पाहिलेलाही कवटी वाचतो.
पानावर कुणी ठोकायची?
आणि ठोकली तरी फ्यूज काय वाचणार,
तो तर पाटीच्याच खांबाला पाय वर करतो.

मग जुनी पक्कड काढली, जी.आय. तार काढली.
रुखमानं स्टूल धरला.
"आता पेन्शनीत पडसान काय?"
नोकरीत नियम होता:
कडब्याची गाडी खालून जावी इतकी तार उंच.
इथं मोजलं:
मागच्या पायांवर उभा फ्यूज,
अधिक एक हात.

कण्हेर तोडू म्हणालो
तर दोन दिवस ती बोलली नाही माझ्याशी.
तिसऱ्या दिवशी पऱ्हाट्यांचा कूड घातला झाडाभोवती,
तिनंच, कंबर धरत.
आता उजाडायच्या आत पडलेली फुलंपानं वेचते.
पाच फुलं देवासाठी तोडते,
वेचते ती फ्यूजसाठी.

रांजणामागं कुंडीच्या बुडाचं गोल वळ अजून आहे.
त्यावर बरोबर पोट टेकून तो झोपतो.
वर पानं फिरतात थोडी, वारा असला तर.

परवा फोनवर पोरीनं आधी झाडाचंच विचारलं.
म्हटलं, बरं आहे.
खांबावर चढवलं त्याला.