पातळ करत जाणे

पिएदादला वाटतं मी शिनाणी खाते.
"रवो लावन भाज गो, बाय," ती दरवेळी सांगते.
ओहोटीला नावशीच्या खडकावरून खरवडलेली,
धाग्यांची दाढी अजून ओली.
मी पैसे देते. सुईचं बोलत नाही.

लॅबमध्ये शिंपला जरा उघडतो, तेवढ्यात
स्नायूच्या मुळाशी सुई.
येतं ते रक्तच, पण लाल नाही,
तांदळाच्या धुवणासारखं.
त्याच्यात आठवण नसते.
गेल्या साली येऊन गेलेला जंतू यंदा परत आला
तरी तो नवाच.
ओळख पटते ती साखरेवरून:
पेशीच्या अंगाला साखरेची बारीक लव असते,
प्रथिन ती चाचपतं,
आणि धरून ठेवतं.

उंदराच्या गाठीतल्या पेशी होत्या, सदतीस अंशांवर.
थेंब टाकला. रात्री साडेनऊपर्यंत
त्या गोल झाल्या, तळ सोडून तरंगल्या, मेल्या.
मी धावत गेले. तेंडोलकर सर डबा बंद करत होते.
म्हणाले, शेजारची प्लेट पाहिलीस?
शेजारच्या प्लेटमध्ये धडधाकट पेशी होत्या.
होत्या.

म्हणून पातळ करत जायचं.
निम्मं, पाव, अर्धपाव, त्याच्या निम्मं.
उंदराचं रक्त संपलं तेव्हा मी माझंच बोट टोचलं.
चिकटल्या तर खणात लाल चादर पसरते,
सुटल्या तर तळाशी टिकली बसते.
सहा खणांत चादर.

अकरा वर्षं झाली मला ताळगावात,
अजून दुकानदार विचारतो, तूं खंयची गो?
शिनाण्यानं विचारलंही नाही.
सातव्या खणात, एकास एकशे अठ्ठावीस,
टिकली बसली. लहान, जराशी तिरकी.
मी तिचा फोटो काढला
आणि वहीत लिहिलं: निगेटिव्ह.

शनिवारी पिएदाद माझ्यासमोर एक उघडून दाखवत होती,
सुरी निसटली, आंगठा फाटला.
शिंपल्यातलं पाणी तिच्या रक्तात, तिचं रक्त शिंपल्यात.
तिनं आंगठा चोखला, झग्याला पुसला,
पुढचं उघडलं.
तीस वर्षं हेच. बोटं चिरांनी भरलेली,
चिरांवर चिरा.
मी घड्याळ बघत उभी. वीस मिनिटं.
काही झालं नाही.
पण कंट्रोल नव्हता,
आणि ती म्हणाली, "कितें पळयता? डझन व्हर."