हात सुटला की

अंबडला, गाळा नंबर सत्तावीस.
पाटी नाही. शटरवर खडूने लिहिलंय : बैरागी, टर्निंग.
तिथे ती पहिल्यांदा आली तेव्हा
तिच्या वहीत एक हातगाडी होती
आणि दांड्यापाशी पेन्सिलने काढलेलं प्रश्नचिन्ह.

"काका, माणसाने दांडा धरला तर गाडी चालावी.
सोडला, की तिची तिनेच थांबावी."

मी म्हणालो, चाकाखाली दगड लावतात बाई,
फुकट मिळतो.
ती हसली नाही.
म्हणाली, दगड शोधायला हात मोकळा लागतो,
उतारावर दोन्ही गुंतलेले असतात.

मी चहा सांगितला.

हेमाली पगारे. सामनगावचं पॉलिटेक्निक, तिसरं वर्ष.
जुन्या नाशकातल्या एका उतारावर
तिने बागवानाची गाडी सुटलेली पाहिली होती :
पेरू गटाराकडे धावत होते,
आणि माणूस पेरूंमागे नाही,
खालून येणाऱ्या शाळकरी पोराकडे.
पोरगा वाचला.
एवढंच सांगायची, आणि लगेच
मिलिमीटरमध्ये बोलायला लागायची.

पहिला ब्रेक सायकलचा. रबर तीन फेऱ्यांत जळलं.
दुसऱ्याला दात्यांचं चाक; खटका असा बसला
की गाडी थांबली, केळी पुढे गेली.
तिसऱ्याबद्दल आम्ही बोलत नाही.
चौथ्याची स्प्रिंग मी सुचवलेली,
म्हणून तो गंजला तेव्हा ती गप्प राहिली.

सर म्हणाले, ॲप कर, हातगाडीत कोण पैसे घालतं?
गंगापूर रोडला काचेच्या खोलीत
तिघांनी तिला सात मिनिटं दिली
आणि विचारलं, मार्केट केवढं?
"सकाळी मेन रोडला उभे राहा आणि मोजा," म्हणाली.
पैसे मिळाले नाहीत.
उत्तर मला आवडलं, म्हणून त्या दिवसाचं काम
मी बिलात धरलं नाही.
(दुसऱ्या दिवसाचं धरलं. गाळ्याला भाडं आहे.)

बेअरिंगचे पैसे सिडकोतल्या शिकवण्यांतून यायचे,
नववीचं गणित, आठवड्यातून चार संध्याकाळी.
पाचव्या सेमिस्टरला एक विषय राहिला :
मशीन डिझाइन.
मी तोंड फिरवून हसलो.
मग तीही हसली, बऱ्याच वेळ.

सहावा चालला. अगदी नीट चालला.
शब्बीरभाई बागवानांनी दोन दिवस वापरला
आणि सोडवून आणून माझ्या बाकावर ठेवला.
"थांबते छान. पण ढकलायला जड झाली, बेटा.
दिवसभर मी ढकलतो, तू नाही."

दुसऱ्या दिवशी तिने कॉलेज बुडवलं
आणि त्यांची भरलेली गाडी ढकलली,
भद्रकालीपासून पंचवटी, पूल ओलांडून, आणि परत.
संध्याकाळी आली ती तळहात वर करून, फोडांसकट.
काही बोलली नाही.
पाना घेतला
आणि निम्मे भाग काढून टाकले.

माझ्या डाव्या हाताला एक बोट कमी आहे.
प्रेसवर गेलं, एकोणनव्वद साली.
तिने कधी विचारलं नाही, मी कधी सांगितलं नाही.
पण ते निम्मे भाग गोळा करताना वाटलं,
त्या प्रेसपाशी तेव्हा
अशी वही घेऊन कुणीच उभं नव्हतं.

सातवा. तोच उतार, दिवेलागणीची वेळ.
शब्बीरभाईंनी दांडा सोडला.
खट्.
ते चालत कोपऱ्यापर्यंत गेले,
कुणाशी तरी दोन शब्द बोलले, वळून पाहिलं नाही.
गाडी जिथल्या तिथे. वरचा पेरूसुद्धा.

आता अकरा गाड्यांचे पैसे आगाऊ आलेत,
दोघांचे सुट्ट्या नाण्यांत.
दुसऱ्या ब्रेकचं दात्यांचं चाक
माझ्या बिलांवर वजन म्हणून बसलंय.

आणि काल ती आठव्याचं ड्रॉइंग घेऊन आली.
मी म्हणालो, अगं, चालतोय की.
म्हणाली, चालतोय,
पण खटक्याचा आवाज फार होतो.
दुपारी गाडीच्या सावलीत कुणी झोपलेलं असतं,
ते दचकून उठतं.

मी चहा सांगितला.